कंपनीची गाडी, घरचे पेट्रोल

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मोटारगाडी दारात येण्याचे तीन मार्ग रूढ आहेत. जमिनीचा तुकडा रस्त्यात किंवा औद्योगिक वसाहतीत गेल्यावर हाती आलेल्या मोबदल्यातून रोखीने गाडी घेणे हा सर्वांत रुबाबदार मार्ग, पतसंस्थेच्या कर्जावर गाडी घेऊन जामीनदाराला तोंड चुकवत फिरणे हा सर्वांत प्रचलित मार्ग, आणि रांजणगाव, सणसवाडी किंवा कुरकुंभच्या एखाद्या कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर पोहोचल्यावर 'लीज'वर गाडी उचलणे हा सर्वांत आधुनिक मार्ग होय. लीज म्हणजे भाडेपट्टा. यात गाडी भाड्याने देणाऱ्या संस्थेच्या मालकीची असते, करार नोकरदार जिथे काम करतो त्या कंपनीशी होतो, दरमहाचे भाडे नोकरदाराच्या पगारातून वळते होते, आणि तीन ते पाच वर्षांची मुदत संपल्यावर गाडी परत करावी किंवा आधीच ठरवून ठेवलेली उर्वरित किंमत भरून ती आपली करून घ्यावी, अशी सोय असते. मालकी एकाची, करार दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याचे आणि पुढे लटकणारी लिंबू-मिरची त्या तिसऱ्याच्या आईची, असा हा चौपदरी व्यवहार आहे.

या व्यवहाराला माणूस भुलतो त्याचे कारण गाडीपेक्षा प्राप्तिकरात अधिक दडलेले आहे. कंपनीने पुरवलेली गाडी नोकरदाराने थोडी कामासाठी आणि थोडी घरासाठी वापरली, तर त्या सुखाला करशास्त्रात 'पर्क्विझिट', म्हणजे पगाराखेरीज मिळालेला लाभ, असे नाव आहे; आणि कंपनीच गाडीचा खर्च उचलत असेल तेव्हा या लाभाचे मोल प्राप्तिकर नियमावलीने बरीच वर्षे महिन्याला अवघे १,८०० रुपये धरले होते, तर १.६ लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीसाठी २,४०० रुपये. करसल्लागाराने हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले की ऐकणाऱ्याच्या मनात ताबडतोब वजाबाकी होते आणि सहाशे रुपयांच्या फरकासाठी लहान इंजिनाची गाडी घेणे हा निव्वळ मूर्खपणा आहे, अशी त्याची खात्री पटते. मोठ्या इंजिनाला तहानही मोठी लागते, ही गोष्ट करसल्लागाराच्या अखत्यारीत येत नसल्यामुळे तो ती सांगत नाही.

त्यानंतर भाडेपट्टा देणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी टाय लावून कँटीनमध्ये येतो आणि प्रश्नोत्तरे होतात. "इन्शुरन्स?" "आमचा, सर." "सर्व्हिसिंग?" "आमचं." "टायर घासले तर?" "तेही आमच्याकडे." "मग आमच्याकडे काय राहिलं?" "तुम्ही फक्त पेट्रोल टाकायचं आणि फिरायचं." या शेवटच्या उत्तराकडे कोणीच लक्ष देत नाही, कारण तोपर्यंत लीजधारक, म्हणजे ज्याच्या पगारातून हे सर्व वळते होणार आहे तो गृहस्थ, मनाने सनरूफमधून डोके बाहेर काढून गावच्या यात्रेत उभा राहिलेला असतो.

वास्तविक पेट्रोल ही काही गाफील राहावे अशी वस्तू नव्हे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, १६ जून २०१७ पासून ते रोज सकाळी बदलण्याची व्यवस्था देशभर लागू झाली, २०२१ च्या मध्यावर पुणे जिल्ह्यात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने कर घटवून ते पाच रुपयांनी उतरवले तरी शंभरीच्या खाली काही ते आले नाही. हे सर्व वर्तमानपत्रात येऊन गेलेले होते. परंतु ज्या माणसाने वर्तमानपत्र वाचून त्याप्रमाणे वागायचे ठरवले असते, तो मुळात दौंडहून रांजणगावला मोठ्या इंजिनाच्या गाडीने गेलाच नसता. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, तिथून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांत पासधारकांचे पत्त्यांचे डावही ठरलेले आहेत; मात्र शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे भीमेकडून घोड नदीकडे नोकरीला जाणाऱ्या माणसापुढे एसटी, दुचाकी किंवा प्रतिष्ठा एवढेच पर्याय उरतात.

येथे 'ॲव्हरेज' ही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एका लिटर इंधनात गाडी जितके किलोमीटर जाते त्या आकड्याला या भागात ॲव्हरेज म्हणतात, आणि एकाच गाडीला किमान तीन ॲव्हरेज असतात: माहितीपत्रकात छापलेले, मेहुण्याला सांगितलेले, आणि रात्री उशिरा मोबाइलच्या गणकयंत्रावर काढून लगेच पुसून टाकलेले. यांपैकी पहिले खोटे असते असा लीजधारकांचा समज आहे, परंतु तो अन्यायकारक आहे. तो आकडा प्रमाणित चाचणीतून येतो. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे, आणि तिच्या नावाने ती टेकडीही ओळखली जाते. चाचणीसाठी ठरवून दिलेले 'ड्रायव्हिंग सायकल', म्हणजे कोणत्या सेकंदाला किती वेग ठेवायचा याचे वेळापत्रक, ११८० सेकंदांचे असून त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. या वेळापत्रकाचे आद्याक्षरी नाव 'एमआयडीसी' असे आहे. गाडीला रोज जावे लागते तेही एमआयडीसीतच, पण नावाखेरीज दोहोंत काही समान नाही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर जागच्या जागी धावते, एसी बंद असतो, शिक्रापूरचा चौक लागत नाही, वाघोलीची रांग नसते, रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करणारी म्हैस नसते, आणि मागच्या सीटवर "जरा एसी वाढव रे, आत्याला गरम होतंय" असे सांगणारेही कोणी नसते. अशा परिस्थितीत सतरा किलोमीटर देणारी गाडी न्हावऱ्याच्या रस्त्यावर दहा देते, यात गाडीचा काय दोष?

न्हावऱ्याच्या रस्त्याबद्दल अधिक सांगितले पाहिजे. गाळपाच्या हंगामात, म्हणजे साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात त्या चार-पाच महिन्यांत, शिरूर आणि केडगाव चौफुला यांच्या दरम्यान उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अखंड चाललेले असतात. ट्रॉलीतला ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेला असतो, मागचा दिवा असलाच तर उसाखाली गडप असतो, आणि चालकाने लावलेल्या गाण्याचा आवाज इतका मोठा असतो की मागून वाजवलेला हॉर्न त्याला त्याच गाण्याचा भाग वाटतो. या ताफ्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणे आणि संधी दिसताच पायाखालचे पॅडल दाबून पुढे निसटणे, एवढ्या दोनच अवस्थांत लीजधारकाचा प्रवास पार पडतो. निसटताना 'टर्बो' कामाला येतो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारी चक्की. हवा जादा गेली की तिच्या जोडीला पेट्रोलही जादा जाते, हे शोरूममध्ये सांगितले जात नाही, तिथे फक्त "पिकअप बघा, सर" असे म्हणतात. पिकअप खरोखरच बघण्यासारखा असतो. एक ट्रॅक्टर मागे पडतो आणि दोनशे मीटरवर दुसरा भेटतो.

उसाची कामगिरी एवढ्यावर संपत नाही. हाच ऊस पुढे कारखान्यात जातो, त्याच्या रसापासून किंवा मळीपासून इथेनॉल नावाचे मद्यार्क तयार होते, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळून पंपावर येते. मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते २०२५ वर अलीकडे ओढले गेले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, जुन्या धाटणीच्या चारचाकी गाड्यांचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी आणि या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचे एक-दोन टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नोंदवलेला होता. एक-दोन टक्के म्हणजे फार नव्हे, परंतु लीजधारकाला दोष देण्यासाठी काहीतरी हवेच असते, म्हणून तो घटीचा सगळा भार इथेनॉलवर टाकतो, आणि ओसरीवर बसलेल्या वडिलांशी त्याचा खटका उडतो. "दादा, तुमच्या उसानं माझ्या गाडीचं वाटोळं केलं." "का? चांगलं आहे की. इथेनॉल खपलं तर उसाला चार पैसे जास्त येतील." वडील उसाच्या बिलाची वाट पाहत असतात आणि मुलगा त्याच उसाचे पैसे आगाऊ पंपावर मोजून येतो, घरातला पैसा घरातच राहिला असे म्हणता आले असते, पण वाटेत कारखाना, तेल कंपनी, केंद्र सरकार आणि राज्य सरकार अशा चार ठिकाणी त्याला चहापाण्याला थांबावे लागते.

आता हिशेब. दिवसाला १०० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले तर अंतर २,५०० किलोमीटर होते. सतराच्या ॲव्हरेजने त्याला १४७ लिटर आणि दहाच्या ॲव्हरेजने २५० लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये धरल्यास पहिली रक्कम साडेपंधरा हजारांच्या आत राहते आणि दुसरी २६,२५० रुपयांवर जाते. गाडीचे भाडे ३० हजार असेल, तर पेट्रोल हा गाडीचा खर्च नसून दुसरी गाडीच आहे, आणि तीही दारात कधीच न दिसणारी.

तरीही लीजधारकाने हे दुःख कोणाला सांगावे? सांगण्याची सोय त्याने स्वतःच बंद केलेली असते. गाडी आली त्या दिवशी पेढे वाटताना "लीजवर घेतली, भाडं माझ्याच पगारातून कापतात" असे कोणी म्हणत नाही. "कंपनीनं दिली" असे म्हणतात. हे विधान अर्धसत्य असून गावाने त्याचा उरलेला अर्धा भाग आपल्या बुद्धीने पूर्ण केलेला असतो: ज्या कंपनीने गाडी दिली ती पेट्रोलही देतच असणार. या एका समजुतीतून पुढच्या बहुतेक आपत्ती उगवतात. रोज सोबत येणाऱ्या तिघा सहकाऱ्यांपुढे पेट्रोल वाटून घेण्याचा विषय काढावा, तर त्यांतला एक जण दुखावल्या स्वरात म्हणतो, "कंपनीच्या गाडीला आम्ही पेट्रोल भरायचं? उद्या म्हणाल, कँटीनचं पीठही घरून दळून आणा." आणि ते तिघे त्याच कंपनीत असल्यामुळे त्यांना खरी परिस्थिती ठाऊक असते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

नातेवाइकांची बाजू भूगोलाने बळकट केलेली आहे. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती थेट नोकरीच्या वाटेवर, सिद्धटेक दौंडपासून जवळ, आणि मोरगाव व थेऊर म्हटले तर एका दिवसाच्या फेरीत येणारे. अर्थात आठांपैकी चार देव या गाडीच्या टप्प्यात बसतात. त्यामुळे मुंबईहून मामा आले की प्रश्न येत नाही, कार्यक्रमच येतो. "तुझ्या वाटेवरच आहे ना रांजणगाव? मग आम्हांला तिथं सोड, तू कामावर जा, येताना घे, आणि रविवारी उरलेले तीन करून टाकू." मामा देवळाच्या पेटीत अकरा रुपये टाकतात, भाच्याच्या मुलाच्या हातावर पन्नास ठेवतात, आणि पंपासमोरून जाताना हमखास झोपलेले असतात. लग्नसराईत हीच गाडी नवरदेवासाठी मागितली जाते. तिला झेंडूच्या माळा गुंडाळतात, पुढच्या काचेवर वधूवरांची नावे चिकटवतात, आणि वरातीत ती इंजिन चालू व एसी पूर्ण ठेवून दोन तासांत चारशे मीटर जाते. या अंतराचे ॲव्हरेज काढण्याचे धाडस आजवर कोणीही केलेले नाही.

काटकसरीचे उपाय लीजधारक गुप्तपणे करतो, आणि खरे हाल तिथेच होतात. एसी बंद ठेवला तर काचा खाली कराव्या लागतात, काचा खाली दिसल्या तर एसी बंद असल्याचे गावाला कळते. म्हणून एप्रिलच्या दुपारी दौंडच्या नगर मोरी चौकातून काचा पूर्ण वर, एसी पूर्ण बंद आणि चेहरा शक्य तितका थंड ठेवून जाणारे गृहस्थ दृष्टीस पडतात. रोटी घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, म्हणजे इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडून, पेट्रोल वाचवण्याचा उपाय ट्रकचालकांच्या जुन्या पिढीकडून आलेला आहे. नव्या इंजिनांत गिअरमध्ये राहून पॅडल सोडल्यास इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते, त्यामुळे हा उपाय धोक्याचा आहे तो आहेच, शिवाय तोट्याचाही आहे. सीएनजीचे किट बसवावे, तर गाडी परक्याची, तिला भोक पाडता येत नाही.

यांतील एका उपायाने तर एका सज्जन माणसाचे चारित्र्य धोक्यात आल्याची कथा या पट्ट्यात सांगतात. ऊन उतरल्यावर एसीशिवाय घरी जाता येईल, या हिशेबाने तो परतीच्या वाटेवर चौफुल्याजवळ झाडाखाली गाडी लावून रोज तासभर आत बसू लागला. आता चौफुला हे लावणीच्या कलाकेंद्रांसाठी दूरवर प्रसिद्ध असलेले ठिकाण. आठवडाभरातच कोणीतरी घरी कळवले, "साहेबांची गाडी रोज चौफुल्याला उभी असते." घरी विचारणा झाली तेव्हा, एसीचे पेट्रोल परवडत नाही म्हणून झाडाखाली बसतो, हे सांगावे की गप्प राहावे, असा पेच त्याच्यापुढे पडला, आणि पुरता विचार करून तो गप्प राहिला. लौकिकाच्या दृष्टीने त्याला तोच आरोप स्वस्त वाटला असावा. (असे लेख लिहिणारे लोक एसटीने प्रवास करतात, त्यामुळे त्यांच्यावर असा आरोप येत नाही आणि त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही.)

इतके झाल्यावर गाडी परत का करत नाहीत, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर करारातील मुदतपूर्व समाप्तीच्या कलमात आहे. मुदतीआधी गाडी परत करायची झाल्यास उरलेल्या भाड्याचा मोठा वाटा दंड म्हणून भरावा लागतो, आणि वर्षाला ठरवून दिलेल्या किलोमीटरांपेक्षा गाडी जास्त पळाली तर प्रत्येक किलोमीटरमागे वेगळा आकार पडतो; म्हणजे उभी ठेवली तर भाडे वाया जाते, चालवली तर पेट्रोल जाते, आणि फार चालवली तर तिसरेच काहीतरी जाते. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगातील प्रौढांची दफने अशी आढळली की त्यांची पावले घोट्याखाली मुद्दाम तोडलेली होती. मेलेल्या माणसाने उठून पळून जाऊ नये हा त्यामागचा हेतू असावा, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. मुदतपूर्व समाप्तीचे कलम ज्याने लिहिले तो याच मातीतला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. फरक एवढाच की इनामगावात ही व्यवस्था माणूस मेल्यानंतर करत.

शेवटची आशा 'फ्युएल रिइम्बर्समेंट' म्हणजे इंधनखर्चाच्या भरपाईवर असते. तिचे स्वरूप असे की एकूण ठरलेल्या पगारातूनच काही रक्कम आधी बाजूला काढली जाते, आणि पेट्रोलच्या पावत्या दिल्यावर तीच रक्कम करात थोडी सूट मिळवून परत दिली जाते. थोडक्यात, गावाची समजूत अगदीच चुकीची नसते, कंपनी पेट्रोलचे पैसे खरोखर देते, फक्त ते ज्याचे आहेत त्यालाच देते. यासाठी प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर आणि कारण लिहिलेले लॉगबुक ठेवावे लागते. लॉगबुक रोज लिहायचे असते, म्हणून ते मार्च महिन्यात एका बैठकीत लिहिले जाते, आणि त्यात मामांच्या तीर्थयात्रेला 'पुरवठादार भेट' असे नाव मिळते. लेखा विभागातील बाई चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "सिद्धटेकला आपला कोणता सप्लायर आहे?" लीजधारक म्हणतो, "फार जुना आहे, मॅडम." मॅडम स्वतः त्याच भागातल्या काष्टीच्या असल्यामुळे त्या नोंदीवर रेघ मारतात आणि पावत्या मागतात.

पावत्या त्याने वर्षभर जपून ठेवलेल्या असतात, त्याही गाडीतच, डॅशबोर्डवर, रबर लावून. पंपावरच्या यंत्रातून निघणारी पावती 'थर्मल' कागदाची असते, म्हणजे तिच्यावरची अक्षरे शाईने नव्हे तर उष्णतेने उमटतात, आणि पुरेशी उष्णता व ऊन मिळाल्यावर ती तशीच निघूनही जातात. काचा बंद ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीत या दोन्ही गोष्टींची वर्षभर कमतरता नसते. मॅडम गठ्ठ्यातला पहिला कागद उचलून उजेडात धरतात, उलटून पाहतात. "हे काय आहे?" "जूनचं पेट्रोल." दुसरा कागद. "आणि हे?" "तेही जूनचंच. मामा आले होते." मॅडम पूर्ण गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या करतात, ड्रॉवर उघडून त्यात ठेवतात आणि म्हणतात, "राहू द्या इथं. फोन नंबर टिपायला बरे आहेत."